नागुमो वस्तादांचा नात्तो

बसच्या रांगेत माझ्यापुढे साके या तांदळाच्या दारूच्या कारखान्यातले निवृत्त वस्ताद नागुमो आणि त्यांचा शेजारी उभे होते.

"पोराची साके कुठवर आली, वस्ताद?"

"आज गाळणार म्हणे. समुद्राकडे शिकून आलाय ना! तिथल्या जड पाण्यात वीस दिवसांत आंबते. आपलं पाणी डोंगरातल्या बर्फाचं, हलकं. महिना लागतो. कच्चीच राहणार."

"मग जाऊन सांगा की!"

"तीन वर्षं अबोला आहे."

"आणि रोज नात्तो खाऊन कारखान्यात शिरणार कसे? त्या आंबवलेल्या सोयाबीनचे जंतू साके नासवतात, असा तुम्हीच सगळ्यांना दम द्यायचात."

"परवापासून तोंडाला लावला नाही."

"म्हणजे वहिनींनी घरातला सगळा नात्तो आमच्याकडे पाठवला, तो..."

"कारखान्याकडची बस आली. सरका, मला आधी चढू द्या."