देवाला इडली

हसू नका, पण आमच्या देवानं हॉटेलची इडली खाल्लीये!

लग्न होऊन मी साताऱ्याहून कुंभकोणमला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सासरचे मराठीच, पण तंजावरचे; त्यांची निम्मी मराठी मला कळायचीच नाही. सासूबाई सोवळ्यात पूजेला बसलेल्या. म्हणाल्या, "देवाला इडलीपू आण मा, लवकर."

'पू' हे तमिळ शेपूट असणार, असं धरून मी धावत कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरमगरम इडल्या आणल्या.

आत्तेसासूबाई हसून हसून लोळायच्याच बाकी होत्या. "अगं, पू म्हणजे फूल! ती बघ इडलीपू!"

दाराशी आपल्याकडे एक्झोरा म्हणतात ते झुडूप लालभडक फुललेलं. माझे डोळेच भरून आले. सोवळ्यातल्या देवापुढे हॉटेलचं अन्न!

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी केळीचं पान मांडलं, त्यावर इडल्या ठेवल्या आणि घंटा वाजवली. "रोज नुसती फुलं बघून कंटाळला असेल बिचारा."

मग उठून झुडपाचा एक घोस तोडला आणि माझ्या वेणीत खोचला.

"त्यानं तुझी इडली घेतली. आज त्याची फुलं तुला."