दोन बोटं कापड

डॉक्टरीणबाई : गुडघे न वाकवता पुढं वाक. हात जोडून खाली सोड. हं, अशीच राहा.

कुंदा : बाई, माले काई दुखस नही.

(धुळ्यातला बायकांचा दवाखाना, १९३८. पडद्याच्या आत पंधरा वर्षांची कुंदा, बाहेर बाकावर तिचा बाप, साक्रीचा लोटन शिंपी; ती त्याला नाना म्हणते.)

डॉक्टरीणबाई : दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. उजव्या बरगड्या वर आल्यात. उभी राहा. मणक्यांवर शाईचे ठिपके देते, हलू नको.

कुंदा : आनि हाऊ ओळंबा कसाले? मी काय भिंत शे?

डॉक्टरीणबाई : मानेपासून सोडला की मधोमध यायला हवा. तुझा उजवीकडं जातोय. पाळी कधी सुरू झाली?

कुंदा : नाना ऐकी राहिना, बाई.

डॉक्टरीणबाई : कानात सांग. तीन वर्षं झाली? म्हणजे वाढ संपत आलीय.

लोटन : बाई, पट्टा बांधा, फळीवर निजाडा, तुमी सांगशात ते बठ्ठं करसू. आखाजीना सणले पाव्हणा येतीन तिले दखाले. त्याना आधी सरळ व्हई ना?

डॉक्टरीणबाई : कुंदा, हे पोलकं कुणी शिवलं?

कुंदा : नानानीच. दुसरानं शिवेल माले उजवीकडे वर चढस.

डॉक्टरीणबाई : लोटनभाऊ, पोरीचा खांदा वर आणि पोलक्याची कड मात्र सरळ. पाठीला कापड जास्त सोडलंत ना?

लोटन : दोन बोटं.

डॉक्टरीणबाई : पहिल्यापासून दोन?

लोटन : पहिले बोटभर. मंग दर दिवाळीले थोडं वाढाडं. शिंपीनी पोर शे, बाई, तिना अंगवर कपडा वाकडा कसा चाली? कपडा बसी गया, माले वाटनं मिटी गयं.

डॉक्टरीणबाई : बोटभर होतं तेव्हा आणायची होती. मुंबईला प्लास्टरमध्ये ठेवून काही जमलं असतं. आता हाड पक्कं होत आलंय. बाक फारसा वाढणार नाही, पण जाणारही नाही.

लोटन : थोडासाबी नही?

डॉक्टरीणबाई : खोटं सांगून काय करू, भाऊ?

कुंदा : बाई, ठिपका पुसी टाका. नानाले दखाडू नका.

डॉक्टरीणबाई : पुसते. घाल पोलकं.

कुंदा : नाना, आखाजीनं पोलकं दोन्हीकडे सारखंच काप.

लोटन : मंग दिसी ना, बेटा.

कुंदा : दिसू दे. हाऊ बाक आते जास कोठे?