मीटरवरचा हिरवा दिवा

...आणि वर मलाच विचारतात, 'दिवा का झाकलात?' अहो, झाकला कारण तुम्हीच बोंबललात! नाही, तुम्हीच सांगा, मी पाण्याचे मीटर बसवणारा माणूस, हातात पाना, गुडघे कायम ओले, मी कशाला कुणाचं बोलणं चोरून ऐकू? माझ्या घरातलंच मला ऐकवत नाही!

तुम्हाला सांगतो, नव्या मीटरवर एक हिरवा दिवा असतो, टाचणीच्या डोक्याएवढा. नळ सोडला की लुकलुकतो, बंद केला की विझतो. बस्स! मी राहतो त्याच इमारतीत बसवत होतो, चाळीस घरं, सगळी झाली की साहेब मला कायम करणार होते. नऊ वर्षं हंगामी आहे मी, नऊ! अडतिसावं घर झालं आणि इमारतीच्या ग्रुपवर मेसेज... 'दिवा लुकलुकतो तेव्हा तुमचं बोलणं कुठे जातं? मी काही म्हणत नाही, फक्त विचारतोय!'

फक्त विचारतोय म्हणे! लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, पण 'लगेच दहा जणांना पाठवा, उद्या हा मेसेज काढून टाकतील' हे मात्र ठळक. आणि तळाला, बारीक अक्षरात, 'पिण्याच्या पाण्याचे कॅन घरपोच.' म्हणजे आमच्याच तळमजल्यावरचा कॅनवाला! आता मीटर लागले काय, निघाले काय, याला काय त्याचं? मी काही म्हणत नाही...

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त शिक्षिका, जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यांनी मला जिन्यात गाठलं. 'अहो, काल मी ह्यांना म्हटलं गुडघा दुखतोय, आणि आज मोबाइलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात!' म्हटलं, बाई, तेव्हा मोबाइल कुठे होता? 'हातात.' मग संशय मीटरवर का? तर म्हणे, 'मोबाइल आपला आहे हो!'

आमचा मीटर मोरीतच, तर घरी बायको मोरीत गेली की खुणेने बोलायला लागली. साबण हवा तर हवेत हात चोळून दाखवते!

मग मी शहाणपणा केला. लोकांना दिवाच खुपतोय ना? अडतीसच्या अडतीस दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. तासाभरात ग्रुपवर फोटो, पट्टी आणि तिच्यावर माझा अंगठा, हातोडीने काळं पडलेलं नख अगदी स्पष्ट! 'लपवताय काय? मी काही म्हणत नाही, फक्त विचारतोय!' झालं! मीटर खोलून भाग न् भाग टेबलावर मांडून दाखवला, तर म्हणतात, 'खरा भाग आधीच काढला असेल!' बैठक झाली, हात वर झाले, त्यात बायकोचा सगळ्यात वर. मीच बसवलेले मीटर मीच काढले. मीटर नाही म्हणून पाणीखात्याने इमारतीचं पाणी तोडलं, आणि माझा कायम व्हायचा कागद साहेबांच्या खणात गेला तो गेलाच.

डोकं फिरलं माझं! मीही ग्रुपवर टाकलं, 'कॅनचं झाकण निळंच का? मी काही म्हणत नाही, फक्त विचारतोय!' एकच ओळ हो! मीटरबद्दल खरं सांगताना तीन दिवस घसा कोरडा केला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि या एका ओळीला धडाधड अंगठे! संध्याकाळी कॅनवाला दारात, रडवेला. 'दादा, एक कॅन गेला नाही आज. तो मेसेज मी लिहिला नव्हता हो, मला कुठून तरी आला, मी खाली नुसती जाहिरात जोडली!' खरं बोलत होता की खोटं... काय माहीत? पण माझी मलाच लाज वाटली. लगेच लिहिलं, 'झाकणाचं मी उगाच लिहिलं होतं.' बाईंचं उत्तर हजर, 'धमकावलं का हो तुम्हाला?'

आता रोज सकाळी अख्खी इमारत रस्त्यावरच्या नळाला बादल्या घेऊन उभी. परवा रांगेत मी, माझ्या पुढे कॅनवाला, दोघांच्या बादल्या रिकाम्या... आणि मागून आवाज आला, माझ्याच बायकोचा,

'हे दोघं एकत्र कसे? मी काही म्हणत नाही, फक्त विचारतेय!'