वरच्या गॅलरीतल्या दोन खुर्च्या

नाही, ते पान तुझ्याकडंच ठेव. वाचलं मी. चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं — आणि हे बघ, राग मानू नकोस बाबा, पण थेट अध्यक्षांच्या कचेरीतून तू इथं नेब्रास्कात आलास, दोन विमानं बदलून, भाड्याची गाडी घेऊन, आणि आणलंस काय, तर भाषणातला अर्ध्या पानाचा परिच्छेद. खा आधी. ते खसखशीचं आहे, हे आलुबुखाराचं. कोलाची म्हणतो आम्ही या गोड पावांना, माझी सासू असाच गोल करायची. सकाळची गर्दी उरकलीय, आता अकरापर्यंत दुकानात चिटपाखरू यायचं नाही. मार्ला मागं भांडी धुतेय. हो, तीच, तुमच्या कचेरीला पत्र लिहिणारी, माझी मुलगी. तिला इथलं काही ऐकू जात नाही, नळ सुरू असला की शेजारी उभं राहून बोललं तरी ऐकू जात नाही. म्हणून म्हणते, ती बाहेर यायच्या आत आपण दोघं बोलून घेऊ, आणि तू परत जा. तिला मी सांगेन काहीतरी.

का म्हणजे? तूच सांग ना का. वर्षातून एकदा तुझा अध्यक्ष दोन्ही सभागृहांपुढं उभा राहून भाषण करणार, आणि वरच्या गॅलरीत, त्याच्या बायकोच्या शेजारी, तुम्ही आमच्यासारखी रडकी तोंडं ओळीनं बसवणार. नाव घेतलं की उठायचं, कॅमेरा तोंडावर, खाली अर्धे लोक उभं राहून टाळ्या वाजवणार, उरलेले अर्धे हात मांडीवर ठेवून बसणार, कारण टाळी वाजवली तर त्यांच्या पक्षात त्यांची धडगत नाही. मग बसायचं. झालं. गेल्या वर्षी खाणीतला एक माणूस बसवला होता, खोकत होता बिचारा. त्याच्या आदल्या वर्षी एक बाई, मुलगा नशेच्या गोळ्या खाऊन खाऊन गेलेला, फोटो छातीशी धरून बसली होती. काय झालं पुढं? गोळ्या मिळायच्या थांबल्या? आमच्या पेट्रोलपंपाच्या मागं जाऊन बघ, तुला वीस मिनिटांत मिळतील. दर वर्षी नवं दुःख आणतात, जुन्याला कुणी विचारत नाही. आणि या वर्षी आमचा नंबर.

अडचणी आहेत म्हणतोस? हो, माहीत आहेत मला त्याच्या अडचणी. तीस वर्षं तो टीव्ही डोक्यावर चालू ठेवून मी अंडी तळतेय, मला नको शिकवू. दवाखान्याला हात घातला की हे ओरडणार, सरहद्दीला घातला की ते ओरडणार, कर वाढवला तर पुढची निवडणूक गेली, नाही वाढवला तर पूल पडणार. पडलाच की आमचा, नदीवरचा, दोन वर्षं लोक चौदा मैलांचा वळसा घेतायत. सभागृह त्याचं ऐकत नाही, कोर्ट त्याचा हात धरतं, राज्याचे गव्हर्नर म्हणतात तुझा पैसा नको आणि तूही नको. मग हवं कशाला ते पद? मला या चाळीस खुर्च्यांच्या दुकानात कुणी म्हणालं, अर्लीन, कॉफी थंड आहे, तर मी असं म्हणत नाही की काय करू बाबा, शेगडी माझं ऐकत नाही. मी कॉफी गरम करते. — हसू नकोस. मी विनोद करत नाहीये.

मार्लाला जायचंय. तेच तर दुखणं आहे माझं. जायचंय म्हणजे काय, निळा ड्रेस आणलाय तिनं, कपाटाच्या दाराला बाहेरून टांगून ठेवलाय, येता-जाता बघते. अडीच वर्षांत त्या पोरीनं स्वतःसाठी एक रुमाल आणला नव्हता. तिला टाळ्या नकोत, अध्यक्षाशी हस्तांदोलन नको. तिला एवढंच हवंय की त्या मोठ्या सभेत, सगळ्या देशापुढं, कुणीतरी तिच्या मुलीचं नाव घ्यावं. फर्न. कारण इथं कुणी घेत नाही. गावात लोक म्हणतात, ‘तुझं ते झालं तेव्हा’. ‘ते’ म्हणे. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले, दोघा नवरा-बायकोनं आशा सोडली होती तेव्हा — आणि पस्तीस मिनिटं जगली पोर. डोळे उघडले होते तिनं. हे तुझ्या परिच्छेदात नाही. डोळे उघडले होते.

गाडी मी चालवत होते. जावई दूर कामावर होता. इथला, आपल्या वेंडलिंगचा दवाखाना तू येताना पाहिलासच, त्या उंच धान्याच्या कोठीच्या समोर, पिवळी इमारत — तिथं खोली होती बाळंतिणींची, दोन पलंग, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, मार्ला स्वतः तिथंच जन्मली. ती बंद झाली. आता तिथं घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्यात. मग कुठं जाणार? अठ्ठ्याहत्तर मैल, शहरात. आणि त्या सकाळी रस्त्यावर बर्फ काचेसारखं झालेलं, मी वीसच्या वर गाडी नेऊ शकत नव्हते, मार्ला मागच्या सीटवर माझा खांदा धरून — नको. ते सांगत नाही मी. एकोणतिसाव्या मैलावर झाली मुलगी. नाळ गळ्याभोवती होती. ज्याला येतं त्याच्यासाठी दोन बोटांचं काम होतं ते, नंतर डॉक्टरच म्हणाला. मला कोलाची करता येतात.

आणि तुम्ही काय लिहिलंत? दे इकडं ते पान. हे. ‘वॉशिंग्टन वेंडलिंगला विसरलं, आणि त्याची किंमत एका छोट्या मुलीनं दिली.’ छान वाक्य आहे. टाळ्या पडतील. कुणी लिहिलं, तू? — तूच असशील, कान लाल झाले तुझे. अरे, पण वॉशिंग्टन विसरलं नव्हतं. तुमच्या कचेरीत कुणी कागद बघतं का नाही? वॉशिंग्टनचं पत्र आलं होतं. बंद व्हायच्या तीन महिने आधी. हा अध्यक्ष नव्हे, आधीचा, पण पत्र आलं होतं — बाळंतपणाची खोली चालू ठेवा, नर्सचा पगार आम्ही देतो, डॉक्टर आम्ही पाठवतो, अट एकच, दारात येईल तिला घ्यायचं, या देशात राहायची कागदपत्रं विचारायची नाहीत. मंडळापुढं वाचून दाखवलं ना ते पत्र. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल लावून बसलो होतो आम्ही —

हो. होते मी मंडळावर. दवाखान्याच्या. अकरा वर्षं होते. त्यात लपवण्यासारखं काय आहे, सात जण होतो, कौंटीतली सात माणसं, तुझ्या त्या फॉर्मवर रकाना होता तो मी भरला नाही कारण — कारण पेन संपलं होतं. आणि मार्लाला माहीत आहे मी मंडळावर होते. सगळ्या गावाला माहीत आहे. तीन जणांनी बंद करा म्हटलं, तीन जणांनी चालू ठेवा म्हटलं, आणि एक — चार विरुद्ध तीन झालं. बंद. संपलं. असं होतं मंडळात. ते टिपण तू मागवलंस तरी त्यात नावं नाहीत, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आमच्याकडं तशीच रीत आहे, लहान गाव, उद्या एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं असतं म्हणून चिठ्ठ्या. त्यामुळं कुणी काय लिहिलं ते कुणाला कळायचं नाही. तू नसती उठाठेव करू नकोस.

कुणाला भेटायचंय? विल्बरला? विल्बर गेर्डेसला कशाला भेटतोस? — अध्यक्ष होता मंडळाचा, म्हणून काय झालं. पंचाऐंशीचा म्हातारा आहे तो, त्याला काही आठवत नाही. बरं, आठवतं. सगळं आठवतं त्याला. पण तो बोलायचा नाही. — तुला तपासणी करावीच लागते, हो, कळलं मला, टीव्हीवर चेहरा गेला की दुसऱ्या दिवशी वार्ताहर येऊन मागचं-पुढचं उकरतात, म्हणून आधी तुम्हीच उकरता. कळलं. बस. बस म्हणते ना खाली. विल्बरच्या दारात जायचं नाही. त्या माणसानं आधीच खूप सोसलंय.

वीस वर्षं तो त्या खिडकीपाशी बसायचा. रोज. काळी कॉफी आणि एक जर्दाळूचं. निकाल त्यानंच वाचून दाखवला ना, म्हणून गावानं धरलं की चौथी चिठ्ठी विल्बरची. आणि फर्न गेल्यावर तो पहिल्यांदा दुकानात आला, टोपी हातात घेऊन, तर मार्लानं त्याचा कप उचलून त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. कप. कॉफीसकट. सगळ्यांदेखत म्हणाली, तुझ्या एका चिठ्ठीनं माझी मुलगी गेली. त्यानं काय केलं? माझ्याकडं बघितलं त्यानं. एवढंच, माझ्याकडं बघितलं, आणि टोपी घालून निघून गेला. आता पेट्रोलपंपावर कागदी पेल्यातली कॉफी पितो, ट्रकमध्ये बसून. मी इथून रोज बघते.

कारण चिठ्ठ्या मोजल्या विल्बरनं. सहा जणांनी टेबलावरच्या पेनांनी लिहिलं होतं, निळ्या शाईनं. आणि मी दुकानातून तशीच गेले होते, ॲप्रन बांधून, खिशात ऑर्डर लिहायची पेन्सिल. हिरवी. ही बघ, अजून तीच वापरते, खोकाभर आणल्या होत्या. हिरव्या अक्षरात लिहिलं मी. ‘बंद.’

आता कळलं? मिळालं तुला हवं ते?

आणि का लिहिलं विचार. विचार ना. पैशासाठी नाही, पैसा तर वॉशिंग्टन देत होतं. मी लिहिलं कारण त्या दोन पलंगांवर तेव्हा आमच्या मुली नसायच्याच. आमच्या मुली गाव सोडून गेल्या, नाहीतर मार्लासारख्या, मूल होत नाही म्हणून बसलेल्या. बाळंत होत होत्या त्या मांस कापायच्या कारखान्यातल्या बायका, ग्वाटेमालाच्या, कुठल्या कुठल्या, वर्षाला चाळीस बाळं, आणि इथं माझी पोर कपाटात छोटे मोजे घडी घालून ठेवायची आणि रडायची. मला बघवत नव्हतं. दर आठवड्याला त्यांच्यातलं कुणीतरी बाळाचे फुगे घेऊन या काचेसमोरून जायचं आणि मार्ला काउंटरवर उभी असायची. मला वाटलं, त्यांना जाऊ दे अठ्ठ्याहत्तर मैल. जाऊ दे त्यांना. आपलं कोण आहे तिथं बाळंत व्हायला? — असं वाटलं मला. जिममध्ये, त्या जाळीखाली, बोलले नाही मी कुणाला, पण वाटलं, आणि लिहिलं. आणि सात महिन्यांनी मार्लानं घरी येऊन मला मिठी मारली आणि म्हणाली, आई, दिवस गेलेत.

तू काय मला अध्यक्षांच्या अडचणी सांगतोस? त्याच्या सहीचं काय घेऊन बसलास? त्या आधीच्यानं सही केली होती. चांगला कायदा होता. त्याचा कागद दीड हजार मैल येऊन माझ्या पुढ्यात पडला होता, आणि मी ॲप्रनमधून पेन्सिल काढली. हे लिहा तुमच्या भाषणात. लिहा की अर्लीन कुबिचेक म्हणते, वॉशिंग्टनला शिव्या घालायला फार बरं वाटतं, अडीच वर्षं घालतेय मी, रोज, याच काउंटरवरून, गिऱ्हाईकं मान डोलावतात. आणि मला त्या गॅलरीत बसवणार तुम्ही. तिच्या शेजारी. फर्नचं नाव घेणार, ती उठणार, माझा हात धरून मलाही उठवणार, निळ्या ड्रेसमध्ये, आणि सगळा देश टाळ्या वाजवणार — आणि विल्बर गेर्डेस घरी बसून बघणार. मला नाही जमणार ते. तिच्यासाठी दुसरं काहीही कर म्हण, मी करीन, पण ते नाही. म्हणून सांगते, तू जा, तिला पत्र पाठव, जागा भरल्या म्हणून, माफ करा म्हणून, तुम्हाला सवय आहे तशा पत्रांची. चार दिवस रडेल. मग राहील इथंच, माझ्याजवळ —

माझ्या मागं काय बघतोयस?

नळ कधी बंद झाला?

मार्ला. मार्ला, बाळा, हात पुस. हात ओले आहेत तुझे.

ते पान ठेव खाली. ठेव, तिथंच, बशीशेजारी. आणि जा तू आता. जाताना दाराची पाटी फिरवून जा — दुकान बंद आहे.