आधी ती पट्टी काढा

बसा, सगळे बसा. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. वहिनी, तुम्ही जरा पाणी प्या.

मी शकुंतला, मधुकरदादाची धाकटी बहीण. इतकी माणसं आलात, देवळाली कॅम्पातून आलात, थेट नामपूरहून आलात. दादाला हे बघून फार बरं वाटलं असतं. बोलायला उभी राहिले खरी, पण मघाशी आत येताना दारात जे पाहिलं, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच्याकडे मी येणार आहे. आधी मला माझ्या भावाबद्दल बोलू द्या.

आमचे आप्पा गोदाकाठी यात्रेकरूंचं क्रियाकर्म करायचे. अशा घरातल्या थोरल्या मुलाने शरणपूर रोडला तंबाखूचं दुकान काढलं, तेही सिगारचं. नातेवाइकांनी काय कमी टोमणे मारले? एक काका घरी येऊन आप्पांना म्हणाले, "भटजींचा मुलगा धूर विकतो म्हणे!" आप्पा शांतपणे म्हणाले, "मग मी आजवर काय केलं? होमच केले ना?" काका चहा न घेता गेले. आई म्हणाली, "बरं झालं, दूध वाचलं."

मला कॉन्व्हेंटात घातलं होतं. माझी पेन्सिलीची पेटी म्हणजे दादाने दिलेली सिगारची रिकामी पेटी. सीडरच्या लाकडाची, छोट्या पितळी कडीची. एकदा आमच्या सिस्टरनी ती उचलली, नाकाला लावली, आणि मला वाटलं आता शिक्षा. त्यांनी डोळे मिटले. हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा कोट." एवढंच. पेटी परत दिली. मी घरी येऊन दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "शकू, खऱ्या वासाचं असंच असतं. तो माणसाला कुठेतरी घेऊन जातो. खोटा वास नुसता नाकात बसतो."

मला तंबाखूचं कौतुक नाही. सिगार ओढू नकोस म्हणून मी आयुष्यभर दादाच्या मागे लागले आणि शेवटी त्याने सोडलीही. पण पारखणं सोडलं नाही. ते त्याने आप्पांकडून घेतलं होतं. आप्पा कापूर घेताना वडी जाळून बघायचे. मागे काळं काही उरलं की पुडी दुकानदाराला परत. समोर यजमान ताटकळत असले तरी परत. दादाने तेच सिगारला लावलं.

तुम्ही सगळ्यांनी त्याला पारखताना पाहिलंय. कोणी मुलाने परदेशातून आणलेली, कोणी साहेबाने भेट दिलेली पेटी घेऊन यायचं. दादा आधी पेटी बघायचा. खऱ्या पेटीला काचेचं झाकण नसतं; ते दिसलं की हसायचा. म्हणायचा, "ही सिगार आहे की बांगड्या?" मग सिगारांचा रंग. एका पेटीतल्या सगळ्या एकाच छटेच्या हव्यात, एक काळी एक पिवळी अशी भेळ नको. मग सिगारच्या कमरेची कागदी पट्टी. तिच्यावर अंगठा फिरवायचा. खऱ्या पट्टीची सोनेरी नक्षी बोटाला उठून लागते, खोटी सपाट लागते. आणि हे सगळं झाल्यावर विचारायचा, "एक कापू का?"

हा त्याचा नियम होता. एक सिगार उभी चिरल्याशिवाय तो मत देत नसे. खरीत पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात, घडी घालून ठेवल्यासारखी. खोटीत चुरा असतो. कोणी कुरकुरलं, "अहो दादा, महागाची आहे," तर पेटी बंद करून परत द्यायचा. "मग मला विचारू नका. घरी ठेवा आणि सुखात राहा."

नामपूरचे तात्या तिकडे बसलेत. तात्या, तुमची गोष्ट सांगू का? सांगतेच. तात्यांचा कांद्याचा व्यापार. जावयाने दुबईहून पेटी आणली. तात्या ती घेऊन आले आणि दुकानात शिरता शिरताच म्हणाले, "मधूभाऊ, खरं शे का खोटं, एकदाचं सांगा. जावई लय भाव खातोय." दादाने पट्टी पाहिली, एक चिरली, वास घेतला आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "तात्या, माल शंभर टक्के खरा. पण ठेवली कुठे होती?" तात्या म्हणाले, "मंडळीच्या कपाटात. साड्यांखाली. म्हटलं, जपून राहील." "जपून राहिली. पण आता ही सिगार नाही, डांबराची गोळी आहे. साड्यांनाच परत द्या." तात्या म्हणाले, "म्हंजे जावई खरा निघाला न् मीच खोटा!"

हसा, हसा. दादाही हे सांगताना दर वेळी हसायचा.

आता दारातल्या टेबलाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी दादाचं हृदयाचं दुखणं वाढलं आणि दुकान निखिल बघायला लागला. निखिल दादाचा मुलगा, माझा भाचा, हा समोरच बसलाय. त्याने दुकान चकचकीत केलं. वाइनरीवर येणारी मुंबई-पुण्याची मुलं गिऱ्हाईक झाली. त्याचं मला काही नाही. काळ बदलतो, दुकानंही बदलतात.

दिवाळीनंतर देवळालीचे एक जुने साहेब दादाला भेटायला घरी आले. भेट म्हणून सिगारची पेटी आणली. मी तिथेच होते. झाकण काचेचं. आतल्या प्रत्येक सिगारच्या पट्टीवर दादाचा फोटो आणि खाली 'मधुकरदादांची पारख'. दादाला आधी लाजल्यासारखं झालं. "अरे, मला कुठे छापलं?" असं म्हणून त्याने पट्टीवर अंगठा फिरवला. आणि अंगठा थांबला. मला म्हणाला, "शकू, ब्लेड आण."

त्याने ती चिरली. मला जे दिसलं ते सांगते. आत पान नव्हतं. चुरा होता. काड्या होत्या. झाडून गोळा केल्यासारखी धूळ होती. एक कागदाचा कपटा होता. आणि वास? स्वस्त अत्तर शिंपडलेल्या ओल्या पोत्याचा. साहेब बिचारे म्हणाले, "दादा, तुमच्याच दुकानातून घेतली हो." साहेब गेल्यावर दादाने पाणी आणि साबण मागितला. हात धुतले. वास घेऊन बघितला आणि परत धुतले.

संध्याकाळी निखिल आला. दादाने विचारलं, "हे काय आहे?"

निखिल म्हणाला, "बाबा, सगळीकडे हेच चालतं. ती मुलं फोटो काढण्यापुरती ओढतात. आत काय आहे ते त्यांना कुठे कळतं?"

दादा म्हणाला, "कळत नाही म्हणूनच तर लोक माझ्याकडे यायचे."

मग दादा म्हणाला, "तुला विकायचं ते वीक. मी आता भांडू शकत नाही. पण माझं नाव काढ त्याच्यावरून." निखिल म्हणाला, "काढतो, बाबा." माझ्यासमोर म्हणाला. त्यानंतर दादा मला रोज विचारायचा, "काढलं का गं त्याने?" दवाखान्यात तोंडात नळी होती, तेव्हाही भुवया उंचावून तेच विचारायचा. मी नाही म्हणून मान हलवायची. हो म्हणायला जीभ वळली नाही.

आणि आज दादाच्या शोकसभेत, दारात पांढरी चादर घातलेलं टेबल. त्यावर त्याच पेट्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक सिगार. 'दादांची आठवण म्हणून.' दादाच्या तसबिरीसमोर, हारापाशी, काचेच्या झाकणाची पेटी. निखिल, आप्पा असते तर म्हणाले असते, मृताच्या नावाने देतात ते शुद्ध असावं लागतं. तू हे काय दिलंस? कोणाला दिलंस? तुझ्या आईच्या हातातही एक दिलीस रे!

मला किळस आली. या शब्दाहून सभ्य शब्द मला सापडत नाही. सिस्टरांनी मला चारचौघांत सौम्य बोलायला शिकवलं होतं. आज ते मला जमत नाही.

मघाशी आत येताना निखिल माझ्या कानात म्हणाला, "आत्या, आज नको. लोक आहेत." लोक आहेत म्हणूनच आज, बाळा. दादाची पारख कधी बंद खोलीत झाली नाही. गल्ल्यासमोर, सगळ्यांदेखत व्हायची.

हे माझ्या पर्समध्ये दादाचं ब्लेड आहे. ही मला दारात मिळालेली सिगार. मी चिरते. पुढच्या रांगेने बघा. दिसलं? डॉक्टर, तुम्ही हातात घेऊन बघा आणि मागे द्या. वास घ्या. नाही, तोंड फिरवू नका. एकदा घ्या, म्हणजे परत कोणी फसणार नाही.

झालं. माझ्या भावाची शेवटची पारख मी केली. त्याच्याइतकी सफाई माझ्या हाताला नाही.

आता एक मागणं आहे. तुमच्या खिशात, पर्समध्ये, हातात जी सिगार असेल, तिची पट्टी काढा. नखाने सोला, निघते. पट्टी दादाचा चेहरा आहे, ती इथे तसबिरीपाशी आणून ठेवा. उरलेलं दाराबाहेरच्या बादलीत टाका. निखिल, तूही ऊठ. समोरची ती काचेची पेटी आधी तू उचल. उचल, बाळा. मी थांबते. आम्ही सगळे थांबतो.

हं. ठेव तिकडे.

वहिनी, द्या, तुमची मी सोलते.

दादा, काढलं रे. आज खरंच काढलं.

सगळ्यांनी हात पुसून घ्या. आता उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नका.