नावाशिवाय औषध

"रोग्याचं नाव?"

तापानं ग्लानीत पडलेल्या नवऱ्याकडं बघत केराबाईनं पदर तोंडाला लावला.

"बाई, बाटल्या सगळ्या सारख्याच. नावाशिवाय कुठली देऊ?" म्हणत कंपौंडर पुढं सरकला. सकाळचंही औषध असंच चुकलं होतं.

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई म्हणाली, "मालकाचं नाव तोंडातनं निघंना, व्हय ना?"

"जीभच वळत न्हाय, आक्का."

"खूण सांगा. मी घेते."

"सोलापूरच्या तळ्यातल्या देवाचं."

"सिद्धाप्पा?"

"व्हय. तुमच्या मालकांचं कोण घेतं?"

"पलीकडच्या खाटंपाशी बसायची ती बाई घ्यायची. ती काल घरला गेली."

"मग औषद?"

"चुकलंच की. नाव लंका जाळणाऱ्याचं, आन् आता तापात सवता जळत्यात."

कंपौंडर फिरून परत त्यांच्यापाशी आला. केराबाई उठली आणि आधी शेजारच्या खाटेकडं बोट करून म्हणाली, "ह्यांचं नाव हणमंता."