थोटीचा प्रसाद

आजच्या सभेच्या अध्यक्ष सुमेधाताई, व्यासपीठावर बसलेले पाहुणे प्रेमानंदजी, भिलाईच्या आपल्या मराठी मंडळाचे सर्व बंधुभगिनी, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती डॉक्टर प्रणिता ढोके, सर्वांना या हरिभाऊचा नमस्कार. ताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होतो, वेळेचं महत्त्व मला कळतं. तरी आज गाडी थोडी लेट होईल, आधीच सांगून ठेवतो.

प्रणिता आता आसामच्या मोठ्या संस्थेत चालली आहे. माकडं एकमेकांना मदत का करतात, कोणाला करतात, आणि माणसात हा गुण कुठून आला, हा तिचा अभ्यास. हे ऐकून माझी सून म्हणाली होती, "बाबा, माकडं पाहाचा पगार भेटते काय?" मीही हसलो होतो. पण भिलाई-3 च्या रिकाम्या रेल्वे क्वार्टरांमागे लाल तोंडाच्या माकडांची टोळी होती, आणि रिटायर होऊन मीही रिकामाच होतो. प्रणितानं माझ्या हाती वही दिली. कोण कोणाच्या उवा काढते, कोण कोणाला हाकलते, ते लिहायचं. अट एकच. "काका, माकडायले खायाले काही देऊ नका. शेंगदाणा पण नाही."

मी शब्द दिला. आणि तो पाळतो आहे, असंच मला वाटत होतं.

टोळीत एक म्हातारी माकडीण होती, एका हातानं थोटी. दोन उन्हाळे गेले तरी ती टिकून राहिली. प्रणितानं शोधनिबंध छापला, की दुबळ्या सोबतिणीला टोळी खाऊ देते म्हणून ती जगते. वर्तमानपत्रात फोटो आला. याच हॉलमध्ये आपण पेढे वाटले, आठवतं ना? पेढा हातात घेऊन ती मला म्हणाली, "काका, थोटी सकाळी इतरांसारखी भुकेली काहून नसते?"

मी सहज बोलून गेलो, "पोट भरलं असते तिचं. प्रसाद खाऊन येते ना."

तिनं पेढा खाली ठेवला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण तो प्रसाद होय बाई, खाणं थोडीच होय?"

मंडळी, देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात ते खाणं नव्हतंच. मारुतीचा नैवेद्य त्याच्या लेकरांना घालायचा, ही माझ्या बायकोची, अन्नपूर्णेची रीत. ती गेली, रीत मी चालवली. रोज सकाळी गूळ, फुटाणे, एखादं केळं. थोटीचा हात पाहून तिला वेगळी वाटी.

दुसऱ्याच दिवशी प्रणितानं निबंध मागे घेतला. 'निरीक्षणात माझ्याकडून चूक झाली,' एवढंच लिहिलं. माझं नाव कुठंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काका, तुमाले इथंच राहाचं आहे. लोक तुमची टिंगल करतील, ते मले पाहवणार नाही."

मग सिविक सेंटरच्या चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं, की पोरीनं खोटे आकडे बनवले. कोण बोललं ते सांगत नाही, त्यातले काही जण आज हार घेऊन आले आहेत. मीही तिथंच चहा पीत होतो, आणि गप्प बसलो. तीन वर्षं गप्पच आहे. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

प्रणितानं पहिल्यापासून पुन्हा मोजलं. प्रसाद बंद. टोळीनं थोटीसाठी काहीही राखलं नाही. फक्त एक माकडीण, जिच्या उवा थोटीनं एका हातानं वर्षानुवर्षं काढल्या होत्या, ती तिला जवळ बसून खाऊ द्यायची. आठ महिन्यांनी थोटी गेली. मी रडलो. प्रणितानं जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं, आणि त्याच लिखाणावर तिला आसामहून बोलावणं आलं.

मला तर दोन्ही हात धड आहेत. पण त्या माकडिणीइतकंही मी या पोरीच्या बाजूला बसलो नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हां सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर म्हाताऱ्याला माफ करा. ती जुनी चूक मात्र माफ करू नका. फक्त प्रणिताच्या नावावरून काढा, आणि इथून पुढे माझ्या नावानं सांगा. प्रणिता, पोरी, एवढं बोलायला मी तीन वर्षं लावली.